न म्हटलेली प्रार्थना

ते साल दोन हजार बावीस. करोनाची भीती ओसरून लोक पुन्हा लग्नाच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसू लागले होते. ज्यांच्या घरचं माणूस त्या दोन वर्षांत गेलं, त्यांच्याकडे बाकीचे जरा ओशाळल्यासारखे बघायचे. कारखान्यांचा हंगाम भरात होता आणि फुलेवाडीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग हलता हलत नव्हती. त्या डिसेंबरात शालू भावाच्या घरी राहायला आली.

‘माहेरी आली’ असं म्हणायला तिचं मन घेत नव्हतं. माहेर चौऱ्याहत्तर साली जळालं होतं, आणि तेही खरोखरच्या विस्तवात. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेलेल्या पोरीनं बाप्तिस्मा घेतला हे कळल्यावर वडिलांनी कणकेची बाहुली करायला लावली, तिला शालूचंच जुनं पातळ गुंडाळलं आणि पंचगंगेच्या काठी नेऊन तिला अग्नी दिला. अग्नी द्यायला हात धाकट्या भावाचा, केरबाचा. तेव्हा तो जेमतेम अठराचा होता. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनही रीतसर झालं, भावकी आली, घरी पिठलं-भात झाला.

पुढच्या आठवड्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारात शालू मेथीची जुडी निवडत होती, आणि समोरून केरबा आला. डोकं भादरलेलं. मेलेली बहीण भाजी घेताना बघून त्याचा हात आधी डोक्यावर गेला, टोपी सरळ करायला जावा तसा. टोपी नव्हतीच. मग तो वळला आणि मिरचीच्या पोत्यांमागं दिसेनासा झाला. शालूला पुढं कितीतरी वर्षं भावाचा चेहरा म्हटलं की ते गोटा केलेलं डोकंच आठवायचं.

आता तोच केरबा अर्ध्या अंगानं लुळा पडला होता. गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढून देणारा माणूस, तो आता पेला ओठाला लावायलाही दुसऱ्याच्या हातावर होता. पाठीला जखमा झाल्या होत्या. सेवेला ठेवलेल्या एजन्सीच्या पोरी दोन दिवसांत वासाला कंटाळून पळायच्या. शेवटी त्याच्या बायकोनं, हिराबाईनं, थोरल्या लेकाला, कृष्णातला, मिशन कंपाउंडात पाठवलं. शालू निवृत्त होऊन तिथल्या एका खोलीत राहत होती.

“आत्ती, आबांचं हाल बघवंनात,” कृष्णात दारातच चप्पल न काढता म्हणाला. “आईनं निरोप दिलाय. वन्संस्नी म्हणावं, झालं गेलं गंगंला मिळालं.”

“पंचगंगेला,” शालू म्हणाली, आणि पिशवी भरायला लागली.

केरबाच्या घराच्या दारात धाकटा लेक विजयसिंह उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल.

“या आत्ती. पर एक आधीच बोलून घिऊ, मागनं तंटा नको. ह्या घरात तुमची प्रार्थना न्हाय. पुस्तक न्हाय, गाणं न्हाय. मोठ्यानं न्हाय आन् पुटपुटून बी न्हाय. वॉर्डात इलेक्शन कवाबी लागंल, मला हुबं ऱ्हायाचं हाय. लोकं नुसती वासावर असत्यात.”

“आणि मनातल्या मनात?”

“मनातलं मला काय ऐकाय येतंय व्हय?” तो हसला. हसताना हुबेहूब केरबा दिसला, भादरायच्या आधीचा.

“दिला शब्द,” शालू म्हणाली. तिनं पवित्र शास्त्र, तिचं बायबल, तिथंच पिशवीतून काढलं आणि कृष्णातच्या हातात दिलं. त्यानं ते गाडीच्या डिकीत टाकलं.

काम तिच्या सवयीचं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, एकदा भिंतीकडची, एकदा दाराकडची. जखमा मिठाच्या पाण्यानं धुवायच्या, जुन्या सुती लुगड्याच्या घड्या घोट्याखाली सारायच्या. चार-पाच दिवसांत वास कमी झाला. आठवड्यानं जखमेच्या कडा लाल, निरोगी दिसू लागल्या. हिराबाई गुडघे धरत दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, “वन्सं, तुमच्या हातात काय हाय वो?”

काय होतं? शालूला देव पहिल्यांदा भेटला तो मिशनच्याच गावाबाहेरच्या कुष्ठधामात. तिथं एका म्हातारीचे पाय तिनं धुतले होते. बोटं झडलेली, तळव्याला कसलीही संवेदना उरलेली नव्हती. तरी म्हातारी डोळे मिटून म्हणाली, “गार वाटलं बघ पोरी.” पायाला कळत नसताना ती हे नुसतं शालूसाठी म्हणाली होती. तेवढ्यानं शालूच्या आत काहीतरी काठोकाठ भरलं. पुढं चाळीस वर्षं तिथंच नोकरी करत ती त्या भरलेल्या रांजणातलं पाणी काढत राहिली. लग्न नाही, लेकरू नाही, घर नाही, आणि कधी उणं वाटलं नाही. रोज दिवे लागायच्या वेळेला ती वॉर्डाच्या मधोमध उभी राहून चार ओळींची प्रार्थना म्हणायची. ती तिची स्वतःची होती, कुठल्या पुस्तकातली नव्हे. रोगी ‘आमेन’ म्हणायचे. ज्यांना म्हणायचं नसे ते नुसते डोळे मिटायचे.

आणि आता तो रांजण रिता झाला होता. मनातल्या मनात म्हणायची मुभा होती, पण मनातल्या मनात काही उमटेना. तिला आता कळलं, की तिची प्रार्थना सगळी घशात राहत होती, आवाजात. आवाज बांधून घातल्यावर आत नुसती बंद खोली उरली. ती जखम धुवायची, घडी सारायची, कूस बदलायची, आणि वाट बघायची. कुणीच येत नव्हतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी सगळे जमले. डॉक्टर म्हणाला होता, नातेवाइकांना बोलवून घ्या. मलकापुराहून लेक संयोगिता आली. बाहेरच्या खोलीत कृष्णात, विजयसिंह, संयोगिता, आतल्या खोलीत पलंगाशी शालू आणि हिराबाई, मधलं दार उघडं. सगळ्यांसमोर मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा होता, कारण माणसं लांबून आली होती. आणि कुणालाच जेवण जात नव्हतं, कारण माणसं कशाला आली ते ठाऊक होतं.

“पांढरा घे की गं,” कृष्णात बहिणीला म्हणाला.

“पांढरा काय घे? आबा तितं पडल्यात आन् तुला पांढरा सुचतोय!”

“आबांनीच शिकवलंय, दुःख उपाशी पोटानं करू नको म्हणून.”

तेवढ्यात केरबानं तोंड उघडलं. गेले दोन दिवस तो बोलला नव्हता. चांगल्या हातानं त्यानं शालूचा पदर धरला.

“आक्का… म्हण.”

“काय म्हणू रं?”

“त्ये… दवाखान्यातलं. सांजचं. म्हण की.”

शालूचा हात जिथल्या तिथं थांबला. बाहेर चमचे वाजायचे बंद झाले. विजयसिंह उठून दारात आला.

“काय म्हणत्यात आबा?”

“प्रार्थना म्हण म्हणतोय,” शालू म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

“झालं!” विजयसिंहानं दोन्ही हात वर केले. “बघ दादा, सांगत हुतो का न्हाय? पंधरा दिसांत घातलंच डोसक्यात. शब्द दिल्ता न्हवं आत्ती?”

“मी एक अक्षर काढलेलं नाही विजय.”

“मग त्येस्नी सपान पडलं व्हय? दवाखान्यातली सांजची प्रार्थना आबांस्नी कशी ठावं?”

संयोगिता ताट सारून उभी राहिली. “मला इचार. मी सांगतो.”

तिच्याकडे सगळे बघू लागले. नाकपुड्या फुगवून ती भांडायच्या पवित्र्यातच बोलायची, लहानपणापासून.

“कट्ट्यावरनं म्हशी घराकडं लावून दिल्या की आबा मला सायकलच्या नळीवर बसवून कुष्ठधामाला न्यायचे. तितं दूध घालायचे. वॉचमनकडं किटली द्यायची आन् भिंतीकडंच्या मोरीवर बसायचं. आत आत्तीचा आवाज यायचा. मी चुळबूळ केली की आबा म्हणायचे, गप बस, आक्का बोलतीया. संपलं की उठायचं. घरी सांगू नको म्हणून मला रेवड्या मिळायच्या. कितीतरी वर्षं.”

शालू पलंगाच्या कडेवर टेकली. वॉर्डात रोज संध्याकाळी येणारं ते दूध! साय बोटभर असायची. त्यातला घोट घोट तीही प्यायली होती, आणि दूधवाला कोण ते विचारावं असं एकदाही सुचलं नव्हतं.

“त्यात…” तिचा आवाज फुटला. “त्या प्रार्थनेत शेवटी केरबाचं नाव असायचं विजय. रोज. त्याला तेच ऐकायचं असेल.”

तिला वाटलं, हे ऐकून पोरगं विरघळेल. झालं उलटंच.

“म्हंजे आमच्या बाऽचं नाव बी तिकडं चढवून ठिवलासा?”

“विजा, तोंड सांभाळ!” कृष्णात ओरडला.

“तू गप दादा! तू चार दिस रडशील आन् म्हशींकडं जाशील. उद्या भावकीत कळलं, की केरबा जाताना तिकडचं ऐकून गेला, तर खांद्याला कोण यील? रक्षाविसर्जनाला कोण यील? एकदा ह्या घरानं जिती पोरगी जाळली, ती कशापायी? आज्जा खुळा हुता व्हय?”

“व्हय, खुळा हुता!” संयोगिता म्हणाली.

“आई, तू सांग.” कृष्णात हिराबाईकडे वळला. “तू म्हणशील तसं.”

हिराबाईनं नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. तिनं एकाही लेकाकडे बघितलं नाही.

“मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली.

शालू उठून विजयसिंहासमोर उभी राहिली. वयानं वाकलेली, त्याच्या छातीपर्यंत येणारी. “मी तुझ्याकडं एकच मागते. मला माझ्या शब्दातून सोडव. चार ओळी. तू हितंच उभा राहा, ऐक. नको ते निघालं तर माझं तोंड दाब.”

विजयसिंहाचे डोळे भरून आले होते. तो वाईट मुलगा नव्हता. रोज बाहेर पडायच्या आधी तो बापाचे तळवे चोळायचा, दार लावून, कुणाला दिसणार नाही असा.

“आत्ती, आबा आमचं हाईत वो,” तो हळू म्हणाला. “तुमास्नी अख्खं जग हाय. तुमचा देव हाय, तुमची मंडळी हाय. मला एकच बाऽ हाय. जाताना तरी त्येला आमच्यातच ऱ्हाऊ द्यात. न्हाय सोडवत मी.”

केरबाच्या हातातून पदर सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास लागला. विजयसिंह गाडी काढून डॉक्टरला आणायला गेला आणि उसाच्या ट्रॉल्यांत अडकला. कृष्णात धारा काढायला गोठ्यात होता. संयोगिता अंबाबाईचं तीर्थ आणायला गेली. हिराबाईनं चहाचा कप शालूच्या हातात दिला. ती काही वेळ तशीच उभी राहिली, शालूच्या तोंडाकडे बघत. मग बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

कडीचा आवाज शालूच्या काळजात गेला. यांचा अजून विश्वास नाही, तिला वाटलं. मला कोंडून ठेवलंय. बाहेर नळ धो धो सुटला, पत्र्याच्या बादलीवर पाणी आदळायला लागलं. हिराबाई तांब्याचा हंडा चिंचेनं घासत होती, असा घसाघसा, की सगळं घर त्या आवाजानं भरून गेलं. नवरा मरणाला टेकला असताना ही बाई भांडी घासते! शालूला तिची कीव आली आणि रागही आला.

“आक्का.” केरबाचे ओठ हलले. “म्हण.”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शालूच्या घशाशी पहिला शब्द आला. पण पन्नास वर्षांत या घराला दाखवायला तिच्याकडे होतं काय? तिच्या देवाची माणसं दिलेला शब्द मोडत नाहीत, एवढंच. कुणी बघत नसताना मोडला तर तो कसला शब्द? संध्याकाळपर्यंत विजयला पुन्हा विचारू. पाया पडू.

“थोडा थांब रं केरबा. विजय आला की मी त्याला पुन्हा विचारते. थांबशील ना?”

त्यानं तिच्याकडे बघितलं. बाजारात बघितलं होतं तसंच, जिवंत की मेलेली ते न कळल्यासारखं.

दोन तास झाले होते. तिनं त्याला भिंतीकडच्या कुशीवर वळवलं. उशी नीट केली, घोट्याखाली घडी सारली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हाताखाली श्वास वर आला, खाली गेला, वर आला. मग आला नाही. त्याचा चेहराही तिला दिसत नव्हता. तो तिनंच भिंतीकडे केला होता.

पंचगंगेच्या स्मशानात केरबाला शेणींच्या, गोवऱ्यांच्या चितेवर जाळलं. होळीला तो दरवर्षी गाडीभर शेणी स्मशानाला द्यायचा. माणसं म्हणाली, आपल्याच म्हशींच्या शेणींवर गेला, भाग्याचा. भावकी झाडून आली होती. विजयसिंहानं भादरून घेतलं होतं, आणि गर्दीत त्याच्या डोक्याकडे बघवेना म्हणून शालू मागं मागं राहिली.

रक्षाविसर्जनाहून आल्यावर तिनं पिशवी भरली. हिराबाई मागच्या दारी पायरीवर बसली होती, कपाळ मोकळं.

“वन्सं, एक इचारू? निवांत गेले का वो? ऐकलं का त्येनी सगळं?”

“काय ऐकलं?”

“तुमची प्रार्थना वो.”

“मी नाही म्हटली वैनी. शब्द दिला होता.”

हिराबाई पायरीवरच तिच्याकडे वळली.

“मग मी दार कशाला लावून घेटलं हुतं?” ती म्हणाली. “नळ कशाला सोडला हुता? हंडा तर आदल्या दिशीच घासल्याला हुता. म्हटलं, कुणी आलं तरी आवाज भाईर जाऊ ने. पोरास्नी मला तोंडानं सांगता येत नव्हतं वन्सं. आन् तुमी… तुमी म्हटलाच न्हाईसा?”

शालू त्याच पायरीवर बसली. गोठ्यात म्हशी ओरडत होत्या.

त्या वर्षी नाताळच्या उपासनेला शालू गेली नाही. चर्चचे पाळक खोलीवर आले. म्हणाले, “बाई, तुम्ही शब्द पाळलात. हीच मोठी साक्ष झाली.”

“कुणापुढं?” शालूनं विचारलं. त्यांनी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली. तिनं डोळे उघडेच ठेवले.

पुढं ते इलेक्शन लांबतच गेलं. कधी प्रभागांचा वाद, कधी कोर्ट. ज्याच्या भीतीनं एवढं झालं, ते दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. विजयसिंहाचे पांढरे शर्ट पिवळे पडले. त्यानं प्लॉटचा धंदा धरला, घरी कमी बोलू लागला. पण दर डिसेंबरात मिशन कंपाउंडाच्या फाटकावर वॉचमनकडे दुधाची एक किटली यायची. ठेवणारा आत येत नसे, नाव सांगत नसे. संयोगितानं या भावाशी, विजयसिंहाशी, बोलणं टाकलं ते टाकलंच. रक्षाबंधनाला पोस्टानं राखी पाठवायची, आत चिठ्ठी नसायची. कृष्णातनं म्हशी विकल्या आणि गोठ्याच्या जागी गाळे बांधले. शास्त्र त्याच्या गाडीच्या डिकीतच राहिलं होतं. गाडी विकताना सापडलं तेव्हा तो ते फडक्यात गुंडाळून शालूला परत देऊन गेला.

शालू दवाखान्यात जात राहिली. जखमा धुवायची, कूस बदलायची. रोग्यांनी प्रार्थना मागितली तर दुसऱ्या बाईला बोलवायची आणि स्वतः पाय चेपत बसायची. हात भरलेले असायचे तोवर बरं वाटायचं. हात थांबले की पुन्हा ती बंद खोली.

चोवीस साली हिराबाई पडली. खुब्याचं हाड मोडलं, आणि मग उठलीच नाही. या वेळी निरोप घेऊन विजयसिंह स्वतः आला. शालू गेली. एका संध्याकाळी, दार सताड उघडं असताना, लेक उंबऱ्यावर बसलेला असताना, हिराबाई म्हणाली, “वन्सं, त्येस्नी ऐकायचं हुतं त्ये मला तरी म्हणून दावा. तिकडं गेल्यावर सांगाय नको?”

विजयसिंह मान खाली घालून म्हणाला, “म्हणा आत्ती. सोडवलं तुमास्नी.”

शालू पलंगाशी उभी राहिली. आवाज गंजला होता. दोनदा खाकरून ती म्हणाली:

“देवा बापा, दिवस सरला. ज्याचं जे दुखतं ते तुला ठाऊक आहे. रात्रभर आमच्याजवळ बस. आणि माझा केरबा जिथं असेल तिथं त्याला सांभाळ, त्यानं केलं त्याचा दोष त्याला लावू नकोस, माझा त्याच्यावर राग नाही. आमेन.”

उंबऱ्यावर विजयसिंहानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हिराबाई आढ्याकडे बघत होती. “एवढंच हुतं व्हय वन्सं?” ती म्हणाली. “एवढंच?”

दोन तास झाले होते. शालूनं हिराबाईला दाराकडच्या कुशीवर घेतलं, आणि उशी नीट केली.